एका दिवसाचा हिशेब

बँकेच्या नोकरीत एक वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले असेन : ‘मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला म्हणजे तो अनिवासी झाला, त्याचे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्या.’ 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. माणूस कोणत्या हेतूने देशाबाहेर गेला, हे तो कायदा पाहतो. आयकर कायदा मात्र मुख्यतः दिवस मोजतो, आणि दर आर्थिक वर्षी नव्याने मोजतो. हा भेद मला पुस्तकातून ठाऊक होता; त्याची किंमत घरात कळली.

माझा पुतण्या जुलै 2019 मध्ये दुबईला नोकरीस गेला. अल्लीपूरचे घर व दुकान थोरले बंधू सांभाळत. मार्च 2023 मध्ये दादांना अर्धांगवायूचा झटका आला. पुतण्या बिनपगारी रजा घेऊन 20 मार्चला घरी पोहोचला. वडिलांना हिंगणघाटला फिजिओथेरपीसाठी नेणे, दुपारी दुकानाच्या वह्या पाहणे, यात उन्हाळा सरला, पावसाळाही आला. एके दिवशी त्याने विचारले, “काका, मला किती दिवस राहता येईल?” मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “182 दिवसांपर्यंत काही हरकत नाही.”

दशलक्षण पर्वात दादा प्रथमच काठी टेकत देवदर्शनाला गेले. मुलाने अनंत चतुर्दशी वडिलांजवळ करावी, अशी वहिनींची इच्छा होती. त्या वर्षी ती 28 सप्टेंबरला आली. 29 च्या रात्री तो मुंबईहून विमानाने निघाला. 1 एप्रिलपासून मोजता बरोबर 182 दिवस झाले होते. मी समाधानाने मान डोलावली.

कायद्याचे शब्द आहेत ‘182 दिवस किंवा त्याहून अधिक’. म्हणजे 182 वा दिवस हा सवलतीचा शेवटचा नव्हे, तर निवासी ठरवणारा दिवस. पासपोर्टवर शिक्का 29 तारखेचा होता, आणि निघण्याचा दिवसही भारतातलाच धरावा लागतो.

‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ ही मधली पायरीही त्याला मिळाली नाही. त्यासाठी मागील 10 वर्षांपैकी 9 वर्षे अनिवासी असावे लागते, किंवा मागील 7 वर्षांतील भारतातले वास्तव्य 729 दिवसांच्या आत असावे लागते. तो अनिवासी होता अवघी 4 वर्षे. परिणामी ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा सगळा पगार येथे करपात्र झाला. दुबईत पगारावर आयकर नाही; त्यामुळे वळता करून घेण्यासारखा तेथील करही नव्हता. अमिरातीशी असलेल्या कराराचा आधार घ्यावा, तर तेथे कॅलेंडर वर्षात 183 दिवस राहणे आवश्यक. मार्चमधील दिवसांनी तीही वाट बंद केली.

सनदी लेखापालांनी विवरणपत्र भरण्यापूर्वीच हे दाखवून दिले, म्हणून दंडाचा प्रसंग आला नाही. कर व व्याज भरावेच लागले.

आपल्या व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाडे, व्याज, फर्मकडून मिळणारे मानधन असे भारतातील करपात्र उत्पन्न 15 लाखांवर असेल आणि मागील 4 वर्षांत मिळून 365 दिवस येथे वास्तव्य झाले असेल, तर भेटीस आलेल्या भारतीय नागरिकास 120 व्या दिवशीच निवासी धरले जाते. घरी येऊन पूर्ण चातुर्मास केला, तरी एवढे दिवस सहज भरतात. अशा व्यक्तीला ‘सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो व परदेशातील पगार करातून सुटतो. परंतु परदेशातील धंद्याची सूत्रे अल्लीपूरच्या गादीवरून हलत असतील, तर तो नफा येथे करपात्र होतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, तरी दिवसांच्या या मर्यादा कायम आहेत.

पुढच्या क्षमावाणीला मी पुतण्याला फोन करून ‘उत्तम क्षमा’ म्हणालो. तो म्हणाला, “काका, बाबा चालू लागले ते याच दिवसांत. त्यापुढे कर मोठा नाही.” त्याच्या या बोलण्याने माझी चूक लहान होत नाही. आता दुकानाच्या वहीशेजारी एक छोटी वही ठेवली आहे. तो आल्यागेल्याची तारीख दादा स्वतःच्या हाताने तीत लिहितात. अक्षर थोडे थरथरते, पण वाचता येते.