ब्यूलीच्या बाजारात बाबांचं मीटर

सप्टेंबरात इंग्लंडच्या दक्षिणेला, न्यू फॉरेस्टमधल्या मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांना वाट देत देत, आम्ही ब्यूलीला गेलो. तिथल्या मोटार म्युझियमच्या आवारात 1967 पासून जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्याला लगेच ओळख पटते: गवतावर पसरलेल्या ताडपत्र्या, गंजके हेडलाइट, डब्यांत नटबोल्ट. घासाघीसही तशीच, फक्त हळू आवाजात.

आमच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं एक स्पीडोमीटर होतं. सासऱ्यांच्या बेबी हिंदुस्तानचं. ही म्हणजे मॉरिस मायनरच. हिंदुस्तान मोटर्सने ती आपल्याकडे या नावाने विकली. गाडी भंगारात गेली तेव्हा बाबांनी एवढंच काढून ठेवलं आणि गेल्या वर्षी मुलाच्या हातात दिलं. "ओरिजिनल आहे, सांभाळ." नवऱ्याने इथे एक मायनर घेतली आहे, तिच्यात ते बसवायचं होतं.

मीटरचीच दुकानदारी करणारे एक आजोबा भेटले. त्यांनी आधी तबकडीवर पाहिलंच नाही. तबकडीवर 'स्मिथ्स' लिहिलेलं असणं हा पुरावा नव्हे, म्हणाले. मूळ कारखाना लंडनच्या क्रिकलवुडला होता, पण त्याच नावाने वेल्समध्ये आजही मीटर बनतात. त्यांनी समोरच्या कड्यावरून नख फिरवलं. कारखान्यात दाबून बसवलेलं कडं एकसारखं असतं; हे उचकटलेलं होतं. मग तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांतला कोड शोधला. स्मिथ्सच्या मीटरवर तिथेच एक आकडा असतो, समजा 1280. म्हणजे गाडी एक मैल गेली की केबलचे 1280 फेरे होतात. आमच्या तबकडीवर तळाशी नुसता काळा रंग होता.

भिंग माझ्या हातात दिलं. छापलेल्या आकड्याची कड सरळ असते. आमच्या 8 ला ब्रशचे फराटे होते, आणि 'कि.मी.'च्या खालून जुनी इंग्रजी अक्षरं डोकावत होती. मैलांची तबकडी कुणीतरी हाताने किलोमीटरची केली होती. आतली यंत्रणा मात्र अस्सल जुनी. (युद्धापूर्वीचं, अंधारात चमकणारं मीटर मिळालं तर घरी कधी उघडू नका, हेही त्यांनी बजावलं, त्या रंगात रेडियम असतं.)

"मग हे अस्सल की नक्कल?" नवऱ्याने विचारलं. आजोबांनी खांदे उडवले. विकायचं असेल तर भाव पडेल, एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर नवरा गप्प. लहानपणापासून ऐकलेला 'ओरिजिनल' शब्द त्याला बोचत होता, आणि बाबांना सांगायचं कसं हाही प्रश्न होता. शेवटी व्हिडिओ कॉलवर मीच विषय काढला.

"पेंटरकडून करून घेतलं होतं की," बाबा म्हणाले. "रस्त्यावर पाट्या किलोमीटरच्या आल्या, मी रोज भागाकार करत बसू?" मग जरा थांबून, "का रे, चालत नाही का ते?"

चालतं की नाही ते बघायला आम्ही पुढच्या रविवारी घरासमोर खडूने 16 मीटर 9 सेंटिमीटर मोजले. एक मैलाचा शंभरावा भाग. मी गाडी ढकलली, नवऱ्याने सुटी केलेली केबल किती वेळा फिरते ते मोजलं आणि त्याची शंभरपट केली. आजोबांनी सांगितलेली युक्ती. मग बाबांचं मीटर हाताने फिरवून त्याच्या मैलाला किती फेरे लागतात ते पाहिलं. दोन्ही आकडे जुळले.

आता गाडीत तेच आहे. इथल्या पाट्या मैलांच्या, म्हणून डॅशबोर्डवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 30 म्हणजे 48, 40 म्हणजे 64.