मोरसच्या बेटावरील आपली माणसे

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द आपण कधी ऐकला आहे काय? गुळाहून आणि खांडसरीहून निराळी अशी ती पांढरीशुभ्र, दाणेदार साखर पूर्वी समुद्रापलीकडून आपल्या बंदरांत उतरत असे, आणि ती ज्या बेटावरून येई त्या मॉरिशसचे नावच तिला कायमचे चिकटले. साखर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. पण ज्या हातांनी तो ऊस लावला, तोडला आणि वाहिला त्यांतील कित्येक हात रत्नागिरीचे, साताऱ्याचे, बिहारचे, आंध्रचे आणि तमिळनाडूचे होते, ही गोष्ट मात्र आपल्या घराघरांतून हळूहळू पुसली गेली. त्या हातांच्या वारसांना भेटण्यासाठी आपण एकदा तरी त्या बेटावर जावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुंबईहून विमानाने निघाले की सुमारे सहा तासांत आपण हिंदी महासागर ओलांडून मॉरिशसला पोहोचतो. घड्याळाचे काटे दीड तास मागे सारावे लागतात, एवढाच काय तो फरक. बेट अगदी लहान: लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५. एका दिवसात मोटारीने त्याची प्रदक्षिणा होते. मध्यभागी तुटक्या कड्यांचे काळे डोंगर, सभोवती निळा-हिरवा सागर आणि दोहोंच्या मध्ये जिकडे पाहावे तिकडे ऊस. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे भाद्रपदाच्या सरी कोसळत असतात तेव्हा तेथे हिवाळा सरत आलेला असतो आणि ऊसतोडणी चाललेली असते. तेथील चलनी नोट हाती घेऊन पाहावी, म्हणजे तिच्यावर नागरी आणि तमिळ अक्षरेही दिसतात, आणि परक्या देशात कोणी आपल्याला नावाने हाक मारावी तसे मनाला वाटते.

बहुतेक प्रवासी विमानतळावरून थेट समुद्रकाठच्या उपाहारगृहांकडे धाव घेतात. तो किनारा सुंदर आहेच. परंतु आपली पावले प्रथम राजधानी पोर्ट लुईच्या बंदराकडे वळावीत अशी माझी विनंती आहे. तेथे ‘आप्रवासी घाट’ आहे. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि १८३५ साली या बेटावरील गुलाम मुक्त झाले, तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून करारावर आणावयाचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले ३६ मजूर या बंदरात उतरले. त्यानंतरच्या ऐंशीएक वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लाखांहून अधिक माणसे येथे आली. कित्येकजण करार संपवून परतले. पुष्कळजण तेथेच राहिले. आज या देशातील लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत.

घाटावर १६ दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेली माणसे त्या चढून कचेरीत जात. पायऱ्या साध्या आहेत, कोठेही नक्षी नाही. २००६ साली युनेस्कोने या स्थळाची जागतिक वारशात गणना केली. तेथे उभे राहिले म्हणजे मनात येते की, यांतील पहिल्या पायरीवर पाऊल ठेवणाऱ्याजवळ त्याचे गाव, कूळ, देव आणि भाषा सारे काही होते. शेवटची पायरी चढल्यावर त्याच्याजवळ एक क्रमांक आला.

हा क्रमांकच आज बिछडलेल्या कुटुंबांचा आधार झालेला आहे, हे मोठे नवल. प्रत्येक मजुराची नोंद कचेरीतील मोठमोठ्या वह्यांत होत असे: नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जहाज, जिल्हा आणि गाव. १८६०च्या दशकापासून कित्येकांची छायाचित्रेही काढून ठेवली जाऊ लागली. मोका गावातील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जतन केलेले आहे. तेथे नातवंडे-पतवंडे येतात, खापरपणज्याचा क्रमांक सांगतात आणि त्याची नोंद मिळवितात. अनेकांना आपल्या पूर्वजाचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदाच तेथे दिसतो.

परंतु वाचकहो, नोंद मिळाली म्हणजे गाव मिळाले असे नव्हे. लिहिणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा, सांगणारा कोकणातला शेतकरी. त्याच्या उच्चाराचे जे काही ऐकणाऱ्याच्या कानी पडले ते कागदावर उतरले. रत्नागिरीचे ‘रटनागेरी’ झाले. माणसांच्या नावांचे तर त्याहून अधिक झाले. आपल्याकडील आडनाव नोंदीत बहुधा आलेच नाही. बापाचे किंवा स्वतःचे नाव हेच पुढे मुलाबाळांचे आडनाव बनले. म्हणून आज तेथील मराठी घरांची आडनावे भिवाजी, रामजी, बाळाजी अशी आढळतात. ज्या एका शब्दावरून आपण इकडे गाव आणि भावकी ओळखतो, तोच शब्द तिकडे हरवला आहे.

गणेशोत्सवाच्या दिवसांत मी अशाच एका कुटुंबाकडे उतरलो होतो. यजमान शिक्षक, त्यांची पत्नी रुग्णालयात नोकरीस, मुले कॉलेजात शिकणारी. घरात बोलणे क्रिओलमध्ये. मुलांनी “की मान्येर?” म्हणून माझी विचारपूस केली आणि मी गोंधळलेला पाहून लगेच हसत हसत “कसे आहात?” असेही विचारले. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली. तेथील प्राथमिक शाळांत ती शिकविली जाते आणि नभोवाणीवरही तिचे कार्यक्रम असतात. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील आजींनी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ती त्यांच्या आजेसासऱ्यांच्या नोंदीची नक्कल होती. जिल्हा रत्नागिरी, गाव नांदगाव. तालुक्याची जागा कोरी.

नांदगावे कोकणात किती आणि महाराष्ट्रात किती, हे आपणांस ठाऊकच आहे. हे कुटुंब काही वर्षांपूर्वी एकदा सुटी काढून भारतात येऊन गेले होते. दोन-तीन नांदगावे पाहिली, देवळांत चौकशी केली, सर्वत्र चहापाणी झाले, आदरातिथ्य झाले; पण ‘तुमचा माणूस आमच्या घरचा’ असे म्हणणारे कोणी भेटले नाही. आडनाव सांगता येईना, तेव्हा सांगणार तरी कोण? आजी मला म्हणाल्या, “बाळा, गावाचं नाव कागदावर आहे, देवीचं नाव माझ्या तोंडात आहे. मधलं काय ते तुम्ही लोकांनी सांगायचं.” कुलदेवतेचे नाव त्या घराने चार पिढ्या शब्दशः जपले होते. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. मी कागद उतरून घेतला, देवीचे नाव त्याखाली लिहिले आणि परतल्यावर विचारपूस करीन असे सांगितले. ती विचारपूस अद्याप चालू आहे.

दुसरा दिवस विसर्जनाचा. मॉरिशसमध्ये गणेशोत्सवाची सार्वजनिक सुटी असते, पण ती चतुर्थीची नव्हे. दुसऱ्या दिवसाची, म्हणजे गणपती बोळविण्याच्या दिवसाची. कोकणातील दीड दिवसाचा गणपती ज्यांच्या घरी येतो त्यांना याचे मर्म सांगावयास नको. हेन्रिएटा गावी एका मराठी कुटुंबाने १८९६ साली या उत्सवाची सुरुवात केली असे तेथे सांगतात. आज या मिरवणुकीत मराठी मंडळींबरोबर भोजपुरी, तमिळ, तेलुगू घरांतील माणसेही चालतात. पुढे झाकरीचा मेळा असतो. ढोलकीच्या ठेक्यावर फेर धरून गाणी म्हणणारी ही मंडळी पाहिली म्हणजे रत्नागिरीकडील जाखडी ज्याने पाहिली आहे तो चकित होऊन जागीच उभा राहील. पावले तीच, फेर तोच. गाणाऱ्या तरुणांपैकी काहींना शब्दांचा पुरता अर्थ लागत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण चाल चुकत नाही. भाषा विरळ झाली तरी ठेका राहिला.

तेव्हा, परदेशातील आप्तांना भेटावयास जाताना आपण काय घेऊन जावे? चिवड्याचे डबे आणि साड्या अवश्य न्याव्यात, त्यांचे तेथे कौतुक होते. पण त्याहून मोलाची वस्तू आपल्या घरी, जुन्या पेटीत किंवा माळ्यावर पडलेली असते. वंशावळीचा कागद, जमिनीचे जुने उतारे, देवळाच्या वर्गणीची वही: यांत एखाद्या नावापुढे ‘परदेशी गेला’, ‘मोरसला गेला’, ‘परागंदा’ असा शेरा आहे काय, हे पाहा. आपल्या गावातील वृद्धांना विचारा की, कोणाचा चुलत आजा आगबोटीने गेला आणि परतला नाही असे कधी ऐकिवात आहे का. मिळेल ते नाव, बापाच्या नावासह, गाव आणि तालुक्यासह, कुलदेवतेसह लिहून ठेवा. तिकडच्या वहीत बापाचे नाव आहे आणि आडनाव नाही. आपल्या कागदात आडनाव आहे. हे दोन्ही कागद एका मेजावर आले तरच धागा जुळतो. एकट्या तिकडच्या माणसाने कितीही येरझारा घातल्या तरी तो जुळणे कठीण.

या धाग्याला आता व्यवहाराचेही मोल आले आहे. २०२४ साली भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या व्यक्तींना ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नोंदणीची विशेष सवलत दिली. ज्यांना पूर्वजांचे मूळ दाखविता येते त्यांच्यासाठी भारताचे दार अधिक मोकळे झाले.

ही कथा केवळ मराठी घरांची नाही. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारमधून या बेटावर आले होते. फिजी, त्रिनिदाद, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका या देशांतही असेच मजूर गेले आणि त्यांच्या वारसांजवळही असेच अर्धे कागद आहेत. आपण पाटण्यास राहत असा, विशाखापट्टणमला असा की साताऱ्यास, आपल्या जिल्ह्यातून कोणी ना कोणी त्या वाटेने गेले असण्याचा संभव आहे. महात्मा गांधी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला काही दिवस थांबले होते. पुढे या देशाने आपल्या स्वातंत्र्यासाठी १२ मार्च हा दांडीयात्रेचा दिवस निवडला; १९६८ साली त्या दिवशी तेथे नवे निशाण फडकले. त्यांनी आपली आठवण अशी ठेवली. आपण त्यांची किती ठेवली?

यंदा सुटीचे बेत आखताना घरातील मुलांना नकाशा उघडून द्या आणि आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्करच्या पलीकडे असलेला तो लहानसा ठिपका शोधावयास सांगा. मग आजोबांना बोलावून त्यांच्या आजोबांच्या भावांची नावे एकामागून एक लिहून काढा. जे नाव लिहिताना आजोबा अडखळतील आणि ‘तो कोठे गेला कोण जाणे’ असे म्हणतील, त्या नावाखाली रेघ ओढा. तिकिटे त्यानंतर काढावीत.