सासूबाईंची वही आणि पेजमेकर

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरले, त्यात सासूबाईंची वही गेली. त्यांनी स्वतः रचलेल्या आरत्या आणि पदे होती तिच्यात. 2003 साली आम्ही त्यांची पुस्तिका छापून दशलक्षण पर्वात वाटली होती. तिचीही एकच प्रत नणंदेकडे उरली, मधली आठ पाने सुटलेली. यंदा पाठशाळेतल्या मुलींना पदे हवी होती. शोधता शोधता वरच्या कपाटात छपाईवाल्याने दिलेली सीडी सापडली.

फाइल पेजमेकरची. त्याची शेवटची 7.0 आवृत्ती 2001 ची, आता कोण विकणार? नातू म्हणाला, "आजी, लिबरऑफिस नाहीतर स्क्रायबस घे. दोन्ही फुकट, दोन्हींत ही फाइल उघडते." स्क्रायबस पाने जुळवणाऱ्यांचे, मला नुसते वाचायचे होते. लिबरऑफिसमध्ये मी घरखर्च लिहितेच, म्हणून तेच घेतले.

उघडले, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा! माझ्या पोटात गोळाच आला. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. तो फॉन्ट संगणकात नसला की खालचे इंग्रजी दिसते. नशीब, फॉन्टचा फोल्डर सीडीतच होता. तो बसवला, मजकूर निवडून फॉन्ट लावला आणि पदे दिसू लागली.

पण ओळी सरकलेल्या, काही जोडाक्षरे तुटलेली. पहिल्याच पानावर णमोकार मंत्रात 'सव्वसाहूणं'मधला अर्धा व गायब. सवयीने बोटांवर अक्षरे मोजली, तर 35 बरोबर भरली! ताळेबंद जुळतो आणि नोंद चुकलेली असते, तसेच हे. अशुद्ध मंत्र मुलींच्या हाती कसा द्यायचा?

छपाईवाल्याच्या जुन्या संगणकावर पेजमेकर अजून आहे. त्याच्याकडून पीडीएफ करून घेतली, फॉन्ट आतच घालायला सांगून. आता ती कुठल्याही संगणकावर तशीच दिसते. तरी प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचून तपासली.

हरवलेल्या आठ पानांतल्या एका पदाखाली बारीक अक्षरांत छापले होते, 'चाल सूनबाईंनी सुचवलेली.' मी साफ विसरले होते.