ग्लॅमर म्हणजे नजरबंदी

'ग्लॅमर' हा शब्द सिनेमावाल्यांचा नाही, मूळचा स्कॉट्स भाषेतला आहे. आणि तो निघाला 'ग्रामर'मधून! मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिन विद्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना ती जादूटोणाच वाटे. स्कॉट्समध्ये ग्लॅमरचा अर्थ झाला नजरबंदी. वॉल्टर स्कॉटने १८०५च्या 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' या काव्यात तो याच अर्थाने वापरला आणि इंग्रजीत रुळवला.

कंपायलर शिकताना ग्रामर म्हणजे मला नुसते नियम वाटायचे. माझी आजी मात्र कागदावर अंगठा उठवायची, वाचून दाखवणाऱ्यावर भरवसा ठेवून. आज मी अ‍ॅपमध्ये 'मान्य आहे'चं बटण बनवतो. लोक अटी न वाचताच ते दाबतात. म्हणून त्या अटी सोप्या मराठीत हव्यात, असा हट्ट मी टीममध्ये धरतो.