कोकणकडा पहाटेच गाठायचा?

सेकंड शिफ्ट सुटली की चाकणहून बाइकवर थेट खिरेश्वर आणि अंधारात हरिश्चंद्रगड चढून पहाटे कोकणकडा, असा बेत माझे तरुण पेशंट हौसेनं सांगतात. मला कड्यापेक्षा नाशिक रस्त्याची भीती जास्त वाटते. सलग 17-18 तास जागं राहिलं, की थोडी दारू प्यायल्यासारख्याच प्रतिक्रिया मंदावतात. चहानं झोप भरून निघत नाही.

तुम्ही आधी घरी जाऊन सहा-सात तास झोपा. कोकणकडा पश्चिमेला आहे. तिथून सूर्य मावळताना दिसतो, उगवताना नाही, मग घाई कसली? तोलार खिंडीतून उजेडी चढा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. खिशात ग्लुकोज ठेवा. घाम सुटून हात थरथरले, तर कड्यापासून मागे येऊन बसा आणि लगेच खा.