अर्धे पाहिलेले

कापसाची वेचणी ऐन भरात आली होती. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपून सारी मंडळी दूरदर्शन संचापुढे बसली होती. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाचे चित्रण लागले होते. आजोबांनी तरुणपणी दंडारी पुष्कळ पाहिल्या होत्या. गाणे, सोंग आणि थट्टा यांचा मेळ त्यांना नवा नव्हता. ते मनमुराद हसत होते.

नात मात्र गप्प होती. दुपारी तिचे चांदीचे पैंजण सापडेना. वेचलेला कापूस तोलून देण्यासाठी आलेली एक मजूर बाई कोनाड्यापाशी उभी असलेली तिने पाहिली होती, आणि ते तिने सर्वांदेखत बोलून दाखविले होते. बाई एक शब्दही न बोलता निघून गेली. तिन्हीसांजेला पैंजण नातीच्याच दप्तरात निघाले.

हे नाटक संगीतरूपाने गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. बालगंधर्व त्यात रेवती होत, गणपतराव बोडस फाल्गुनराव. मूळ कल्पना फ्रान्समधील मोलिएर या नाटककाराची, १६६० सालची. ती इंग्रजी नाटकाच्या वाटेने मराठीत आली. परंतु देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन सारे कुटुंबच आपल्या पंचांगात बसविले!

कथेला खलपुरुष नाही. भर रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची पत्नी कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिकेच्या हाती येते, आणि फाल्गुनरावही नेमके तेवढेच पाहतो. डोळे कोणाचेच खोटे नाहीत. खोटे आहे ते न पाहिलेले मनाने भरून काढणे. फाल्गुनरावाला तर आपल्या संशयाचा अभिमान वाटतो. आपल्यासारखा चतुर पुरुष कोणी नाही, या समजुतीने तो पुरावे गोळा करीत हिंडतो, आणि जो पुरावा मिळेल तो त्याला हवा तसाच दिसतो. कृत्तिका त्याला तोडीस तोड आहे. भादव्या नोकर मधल्या मध्ये भांबावतो. ही माणसे पाहून हसू येते, कारण त्यांच्या भांडणाने त्यांचे घर मोडणार नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

रेवतीचे तसे नाही. ती नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ तिच्याशी विवाह करू पाहतो. पण तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती दिसताच त्याचाही विश्वास ढळतो. फाल्गुनरावावर आळ आला तर तो गावभर ओरडू शकतो; रेवतीवर आळ आला की लोकांना तो आधीच खरा वाटलेला असतो. तिचे गाणे ऐकताना हसणारी मंडळी थांबतात, ते केवळ सुरांमुळे नव्हे.

आजोबांचे हसणेही तेथे थांबले होते. पुढे सारा गुंता उलगडला, अश्विन आणि रेवती यांचे जुळले, आणि शेवटचे गाणे झाले.

“आजी,” नातीने हलकेच विचारले, “उद्या त्या मावशी वेचायला येतील ना?”

आजीला पैंजणाची हकीकत कळली होती. ती म्हणाली, “ते मी कसे सांगू? त्यांचे घर तुला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी, बाया कमरेला ओट्या बांधून शेताकडे निघण्यापूर्वीच, नात पैंजण मुठीत धरून गावाच्या त्या टोकाकडे चालू लागली.