जनुक शाबूत, तरी सांगाडा बिघडलेला

गर्भाच्या हातापायांत हाड आधी येत नाही. पेशी दाटीने गोळा होतात, त्यांची कूर्चा होते आणि मग कूर्चेच्या जागी हाड भरत जाते. पहिल्या पायरीचा सूत्रधार सॉक्स-9 हे जनुक, तर हाड भरण्याचा रंक्स-2. उंदराच्या गर्भात हातापायांच्या कोंबांतून सॉक्स-9 पेशी गोळा होण्याआधीच काढून टाकले, तर तिथे ना कूर्चा होते ना हाड. रंक्स-2च्या दोन्ही प्रती नसलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, हे 1997 साली दिसले. ती पिल्ले जन्मताच श्वास न घेता आल्याने दगावली. असे प्रयोग वाचून ‘हाडाचे जनुक’ सापडले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सांगाडा ठरतो तो जनुक किती आणि कुठे चालते यावर, आणि त्याचा निर्णय पुष्कळदा जनुकापासून फार दूर होतो.

आधी ‘किती’चे पाहू. रंक्स-2ची एक प्रत निकामी असलेल्या माणसाचा बहुतेक सांगाडा नीट घडतो, पण गळ्याजवळची हासळीची हाडे अपुरी राहतात किंवा नसतातच. काहींना दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ टेकवता येतात. टाळूही उशिरा भरते. सॉक्स-9ची एक प्रत गेली तर कॅम्पोमेलिक डिस्प्लेसिया होतो: मांड्यांची आणि नडग्यांची हाडे वाकलेली, छाती अरुंद. हे जनुक 1994 साली याच आजारातून हाती लागले. दुसरी प्रत धडधाकट असते, तरी निम्मा पुरवठा पुरत नाही.

आता ‘कुठे’. या आजाराच्या काही रुग्णांत सॉक्स-9च्या डीएनएचे एकही अक्षर बदललेले नसते. 17वे गुणसूत्र जनुकापासून लाखो अक्षरे अलीकडे तुटून भलत्याच गुणसूत्राला जोडले गेलेले असते. त्या तुटीत दुसरेच जनुक बिघडले असेल, ही शंका रास्त आहे. पण शेजारचे प्रथिन बनवणारे जनुक जवळजवळ 20 लाख अक्षरे दूर आहे. मधल्या पट्ट्यात आहेत ते एन्हान्सर, म्हणजे विशिष्ट ऊतीत जनुकाला चालना देणारे डीएनएचे तुकडे. शिवाय तूट जनुकापासून जितकी दूर, तितका आजार साधारणपणे सौम्य. 10 लाख अक्षरांपलीकडच्या तुटीत हातपाय सहसा सरळ असतात. बिघडतो तो खालचा जबडा. तो आखूड राहतो, जीभ मागे पडते, श्वास अडतो. याला पिएर रोबाँ सिक्वेन्स म्हणतात. जबड्याच्या पेशींचे काही एन्हान्सर 14 लाखांहून अधिक अक्षरे दूर आहेत, हे 2020च्या संशोधनात दिसले.

उंदरात या एन्हान्सरांचा समकक्ष भाग काढल्यावर जबडा थोडासाच बदलतो, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पण तिथे सॉक्स-9 घटतेही थोडेच, आणि तेवढ्यानेही जबड्याचा आकार हलतो. माणसाचा जबडा त्या मापाबाबत अधिक हळवा असावा, असे माझे मत आहे.

म्हणून केवळ जनुकाची अक्षरे वाचणाऱ्या चाचणीचा ‘दोष नाही’ हा अहवाल आखूड जबड्याच्या बाळाच्या आईवडिलांना अंतिम उत्तर म्हणून देणे मला मान्य नाही. चाचणीने सॉक्स-9च्या अलीकडचा पट्टा पाहिला होता की नाही, हे त्या अहवालात लिहिलेले असावे.